शांत माणसांना एकाच शब्दात बसवू नका

माननीय संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकाच्या शैक्षणिक पुरवणीतलं इंग्रजी शब्दसंग्रहाचं सदर मी नेमाने वाचते. मागच्या आठवड्यात त्यात 'शांत, संयमी' या अर्थाचे शब्द होते. कूल, कंपोज्ड, प्लॅसिड, स्टोइक, फ्लेग्मॅटिक, इंपॅसिव्ह, अनफ्लॅपेबल, नॉनशलंट, डोसाइल अशी सगळी रांग आणि समोर सर्वांना मिळून एकच अर्थ दिलेला: शांत स्वभावाचा. स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी मुलं अशा याद्या कापून वहीत चिकटवतात. माझ्या भाचीने ही यादीसुद्धा चिकटवली आणि तेव्हाच हे पत्र लिहायचं मी ठरवलं. ही यादी अशीच पाठ झाली तर ही मुलं पुढे कुणाचं कौतुक करायला जातील आणि कागदावर त्याची निंदा होऊन बसेल. एखाद्याची नोकरी त्यापायी जाऊ शकते. दवाखान्यात तर नोकरीपेक्षा मोठं काही जातं.

मी निवृत्त पाठ्यनिर्देशिका आहे, लोक जिला सिस्टर ट्यूटर म्हणतात ती. नागपूरच्या एका शासकीय रुग्णालयाशी जोडलेल्या नर्सिंग स्कूलमध्ये माझी नोकरी झाली. जीएनएम या नर्सिंगच्या पदविकेला मुली यायच्या त्या भंडारा, गोंदिया, गडचिरोली, चंद्रपूर, यवतमाळकडच्या, बहुतेक मराठी माध्यमातल्या. इथे आल्यावर पुस्तकं इंग्रजीत, वॉर्डातल्या नोंदी इंग्रजीत, प्रात्यक्षिकाचे शेरे इंग्रजीत. पुढे कुणाला सौदीला किंवा आयर्लंडला जायचं असेल तर शिफारसपत्रही इंग्रजीतच. त्या शेऱ्यात आणि त्या पत्रात स्वभावाबद्दल एक ओळ असतेच आणि त्या ओळीत जवळजवळ प्रत्येक मुलीसाठी एकच वाक्य लिहिलं जातं: शी इज कूल अँड कंपोज्ड. लिहिणाऱ्याच्या मनात काही वाईट नसतं. पण ते वाक्य वाचून कुणालाही त्या मुलीबद्दल काहीही कळत नाही.

तीन मुली डोळ्यांपुढे आणते. तिघींच्या कागदावर हेच वाक्य होतं.

पहिली गडचिरोलीकडची. एका रात्री अमरावती रोडवर मजुरांची गाडी उलटली आणि कॅज्युअल्टीत एकामागून एक स्ट्रेचर आत आले. रक्त, आरडाओरडा, दारात नातेवाइकांची रेटारेटी. अशा वेळी नव्या मुलींचा आवाज चढतो. हिचा खाली उतरला. गडबड जितकी वाढत गेली तितकी ती हळू आणि स्पष्ट बोलू लागली. शीर सापडत नव्हती त्या माणसाच्या हाताला तिने कॅन्युला लावला, चिकटपट्टीवर वेळ लिहिली, मग पुढचा. एका बाईचा नवरा आत होता. तिला ही म्हणाली, "तुमी इथं बसा जी, मी येतोच सांगाले." आणि खरोखरच सांगायला परत आली. पहाटे सगळं निवल्यावर ती मला लिनन रूममध्ये दिसली. चादरींच्या फळीला टेकून उभी होती आणि पाण्याच्या बाटलीचं झाकण तिला उघडत नव्हतं, इतके हात थरथरत होते. या मुलीला कंपोज्ड म्हणायचं. संपादक महोदय, हा शब्द तुमच्या धंद्यातला आहे. पूर्वी छापखान्यात कंपोझिटर एकेक खिळा जुळवून मजकूर उभा करायचा, तोच हा कंपोज. आत सगळं विखरू पाहत असताना ज्याने स्वतःला जुळवून धरलं, तो कंपोज्ड. भीती वाटली नसती तर हा शब्द तिला लागूच झाला नसता.

दुसरी मुलगी मुळातच तशी होती. बाळांच्या वॉर्डात रात्रभर चार-चार तान्ही एकदम रडू लागली तरी तिच्या कपाळावर आठी नाही. तिला काही आवरावंच लागत नव्हतं. इंग्रजीत तिला प्लॅसिड म्हणतात. वारा नसलेल्या तळ्यालाही हाच शब्द लावतात. चांगला गुण आहे, मी तिला मुद्दाम त्याच वॉर्डात ड्युट्या लावायची. पण त्या गुणात तिची कमाई कमी आणि जन्माची देणगी जास्त. पहिल्या मुलीने मिळवलं ते आणि हिला मिळालं ते एकाच शब्दाने सांगणं दोघींवरही अन्याय आहे.

तिसरीबद्दल लिहितानाही मला बरं वाटत नाही. बेल वाजली तरी ती सावकाश मोबाइल खिशात ठेवायची, सावकाश उठायची. रुग्ण गेला तरी चेहरा तसाच आणि जेवायची सुट्टी वेळेवर. तिलाही लोक कूल म्हणायचे. तिच्यासाठी शब्द नॉनशलंट. मूळ फ्रेंच, आणि त्याच्या मुळाशी ऊब या अर्थाचा लॅटिन धातू आहे. ज्याला कशाचीच ऊब लागत नाही, तो नॉनशलंट. सिनेमातल्या नायकाला शोभतो, परिचारिकेच्या शेऱ्यात ती तक्रार आहे. तुमच्या यादीत तो कंपोज्डच्या खाली सहा ओळींवर होता, अर्थ तोच.

परदेशी अर्जांच्या बाबतीत सगळ्यात जास्त नुकसान करणारा शब्द मात्र वेगळाच आहे: डोसाइल. आपल्याकडे मुलगी शांत आहे म्हणताना ती उलट बोलत नाही, सांगितलं ते ऐकते, असं बरंच काही त्यात मिसळलेलं असतं. लग्नाच्या बायोडाटात 'शांत व संस्कारी' लिहितात ते याच अर्थाने. मग शब्दकोशातून आज्ञाधारकाला शब्द काढायचा आणि लिहायचं, शी इज काइंड अँड डोसाइल. मूळ लॅटिनमध्ये त्याचा अर्थ शिकवलं तर शिकणारा असा चांगलाच होता. आजच्या इंग्रजीत तो माणसाळलेल्या जनावराला जास्त लावतात. तिकडची मेट्रन हे वाचते तेव्हा तिला दिसते दबणारी मुलगी, डॉक्टरने चुकून दसपट डोस लिहिला तरी "सर, एकदा बघता का" असं न विचारणारी. आणि वस्तुस्थिती काय असते? जी मुलगी रात्री अडीच वाजता निवासी डॉक्टरला दुसऱ्यांदा उठवते, तो वैतागला तरी आवाज न चढवता म्हणते, "सर, नाडी एकशेतीसवर गेली आहे, तुम्ही येऊन बघायलाच हवं," तीच खरी संयमी. संयम आणि गुमान ऐकणं यांची आपण जी गल्लत करतो ती मराठीतूनच घेऊन जातो, इंग्रजी शब्द तिच्यावर फक्त शिक्का मारतो. शिकलेल्या बायका या गल्लतीने किती मागे राहिल्या आहेत हे मी जवळून पाहिलं आहे, म्हणून हे जरा कळकळीने लिहिते आहे.

आता रुग्णांकडे वळते, कारण हे शब्द फक्त नोकरीच्या कागदावर राहत नाहीत.

आमच्याकडे चिमूर, सिरोंचा, मेळघाट अशा लांबच्या भागातून माणसं येतात. आयुष्यभर सोसायची सवय झालेली. एक म्हातारे बाबा पोटाचं दुखणं घेऊन आले होते. राउंडला विचारलं की उत्तर ठरलेलं: "बरं हाय जी." नोंदीत लिहिलं गेलं, पेशंट 'काम' (calm, शांत) अँड कम्फर्टेबल. चादर बाजूला केली तर दोन्ही पायांची बोटं आत मुडपलेली, घट्ट. वरच्या ओठावर घाम. नाडी धावत होती. शून्य ते दहामध्ये दुखणं किती, असं विचारलं तर त्यांना आकडा सांगता येईना. घरी नातवाला हाक मारता येईल इतपत आहे का, असं विचारल्यावर त्यांनी मान हलवली आणि डोळ्यांत पाणी आलं. या माणसाला कम्फर्टेबल म्हणणं धोक्याचं होतं. त्याला स्टोइक म्हणतात. ख्रिस्तपूर्व ३०० च्या सुमारास अथेन्समध्ये झेनो नावाचा तत्त्वज्ञ एका चित्रांनी सजवलेल्या ओसरीत शिकवायचा. त्या ओसरीला ग्रीक भाषेत स्टोआ म्हणत, त्यावरून त्याचे अनुयायी स्टोइक झाले. पुढे या पंथात एपिक्टेटससारखा गुलाम होता आणि मार्कस ऑरेलियससारखा सम्राटही होता. जे आपल्या हातात नाही त्यापायी मन ढळू द्यायचं नाही, ही त्यांची साधना. आज व्यवहारात स्टोइक म्हणजे दुःख होत असून दाखवत नाही तो. परिचारिकेने नोंदीत हा शब्द लिहिला तर पुढच्या पाळीच्या सिस्टरला कळतं की हा माणूस स्वतःहून मागणार नाही, याला वेदनाशामक आपणच विचारायचं आहे. कम्फर्टेबल लिहिलं तर ती पुढच्या खाटेकडे जाते.

आणि नागपूरचा मे महिना. पारा ४५ च्या वर गेला की उष्माघाताचे रुग्ण येऊ लागतात. बांधकामावरचा मजूर, दुपारभर उन्हात, आधी चिडचिड करतो, बरळतो, हातपाय झाडतो. घरचे घाबरतात. मग तो एकदम गप्प होतो आणि घरचे सुटकेने सांगतात, "आता शांत झाला जी, झोपला." शरीराचं तापमान ४० अंश सेल्सिअसच्या वर आणि शुद्ध हरपत चाललेली, हा उष्माघाताचा सर्वांत वाईट टप्पा. ज्या घडीला माणूस हातातून जात असतो त्याच घडीला घरच्यांना तो शांत वाटतो. इथे 'काम' (calm) नाही, प्लॅसिड नाही, पीसफुल तर मुळीच नाही. इथे ड्राउझी (गुंगीत), लेथार्जिक (मलूल), अनरिस्पॉन्सिव्ह (हाकेला ओ न देणारा) यांपैकी कोणता टप्पा आहे ते ठरवून लिहायचं आणि लगेच अंग गार करायला लागायचं. गर्दीत जखमी आले की ओरडणाऱ्याचा श्वास चालू आहे हे तरी कळतं, गप्प पडलेल्याकडे आधी जा, हे आम्ही पहिल्या वर्षीच शिकवतो.

इंपॅसिव्ह हा शब्दही याच जातीचा. तो फक्त चेहऱ्याबद्दल बोलतो. चेहऱ्यावर काही उमटत नाही इतकंच, आत शांती आहे की वादळ, त्याबद्दल तो मौन पाळतो. आपल्या 'मख्ख' शब्दाला तो जवळचा, मात्र त्यात मख्खमधली टवाळी नाही. रुग्णाच्या नोंदीत चालतो, शिफारसपत्रात नको.

वैद्यकीच्या क्षेत्रात या विषयावर एक भाषण फार प्रसिद्ध आहे. नामवंत डॉक्टर विल्यम ऑस्लर यांनी १ मे १८८९ रोजी अमेरिकेत पेनसिल्वेनिया विद्यापीठात नव्या डॉक्टरांपुढे ते केलं. विषय हाच, चित्ताची समता, म्हणजे इक्वॅनिमिटी. डॉक्टरच्या अंगी पहिला गुण हवा तो न डगमगण्याचा, असं त्यांनी सांगितलं. साध्या प्रसंगातही जो गडबडतो आणि तोंडावर काळजी दाखवतो, त्याच्यावरचा रुग्णाचा विश्वास झपाट्याने उडतो. यातला काही भाग शरीराच्या घडणीतूनच येतो हे त्यांनी मान्य केलं, पण शिक्षणाने आणि सरावाने बराच मिळवता येतो हेही सांगितलं. या गुणासाठी त्यांनी एक जुना शब्द आवडीने वापरला: फ्लेम (phlegm), म्हणजे कफ. आणि लगेच बजावलं की डोकं थंड ठेवायच्या नादात काळीज निबर होऊ देऊ नका. हा इशारा मला त्या भाषणातला सगळ्यात मोलाचा भाग वाटतो.

त्या फ्लेममधून फ्लेग्मॅटिक आला. गेलनसारख्या प्राचीन वैद्यांनी शरीरात रक्त, कफ, पिवळं पित्त आणि काळं पित्त असे चार द्रव मानले आणि त्यांवरून माणसांचे स्वभाव लावले. हे सांगितलं की आमच्या मुलींचे डोळे चमकायचे, कारण घरी आजीने सांगितलेली वात-पित्त-कफ प्रकृती त्यांना ठाऊक असायची. कफप्रकृतीचा माणूस सावकाश, सहनशील, लवकर न रागावणारा, पण हलवायलाही जड. फ्लेग्मॅटिकमध्ये हे सगळं आहे, जडपणासकट. आजच्या नोकरीच्या पत्रात तो लिहिला की वाचणाऱ्याला सहनशीलता कमी आणि सुस्ती जास्त दिसते. आजीची कफप्रकृती आठवली तर हा शब्द कुठे लिहायचा आणि कुठे टाळायचा ते वेगळं शिकवावं लागत नाही. यादीतून ते येत नाही.

अनफ्लॅपेबल हा तुलनेने नवा शब्द, विसाव्या शतकातला. ब्रिटिश बोलीत घाबरगुंडीला फ्लॅप म्हणतात, ज्याची ती उडत नाही तो अनफ्लॅपेबल. १९५७ ते १९६३ या काळातले ब्रिटिश पंतप्रधान हॅरॉल्ड मॅकमिलन यांना तो कायमचा चिकटला. जानेवारी १९५८ मध्ये अर्थमंत्र्यासह तीन मंत्र्यांनी एकदम राजीनामे दिले आणि हे ठरलेल्या परदेश दौऱ्यावर निघाले. विमानतळावर त्यांनी त्या प्रकाराला छोट्याशा स्थानिक अडचणी म्हटलं. शब्द कौतुकाचाच आहे, पण त्याला प्रसंग लागतो. भोवतीचे सगळे गडबडलेले असताना कुणी ठाम राहिला, असं दाखवता येत असेल तरच लिहावा.

नागपुरातल्याच इंदोऱ्याच्या एका विद्यार्थिनीने वर्गात विचारलेला प्रश्न इथे सांगायलाच हवा. तिचं घर बौद्ध, दर वर्षी दीक्षाभूमीवर सेवेला जाणारं. ती म्हणाली, "मॅडम, आमच्या विहारात मैत्री, करुणा, मुदिता, उपेक्खा शिकवतात. उपेक्खा म्हणजे इक्वॅनिमिटी ना? मग मराठीत उपेक्षा वाईट कशी झाली?" सगळा वर्ग गप्प झाला. पालीतल्या उपेक्खेत सुखदुःखात मन समतोल ठेवणं आहे आणि ती करुणेच्या सोबतीने येते. तिच्यातून करुणा निघून गेली की जे उरतं ती आपली मराठीतली उपेक्षा. बौद्ध आचार्यांनीही बेफिकिरी ही उपेक्खेसारखी दिसणारी तिची जवळची वैरीण आहे असं सांगून ठेवलं आहे. ऑस्लर यांचा इशारा आणि विहारातली शिकवण एकच गोष्ट सांगत होती. त्या दिवशीचा धडा त्या मुलीने घेतला असं मी मानते.

गीतेच्या दुसऱ्या अध्यायात अर्जुनही हाच विषय काढतो. स्थितप्रज्ञ कसा असतो हे विचारताना तो गुणांची यादी मागत नाही. तो बोलतो कसा, बसतो कसा, चालतो कसा, असं विचारतो. शेरा लिहिणाऱ्या प्रत्येक शिक्षकाने आणि प्रत्येक इन्चार्जने स्वतःला हेच विचारावं असं मला वाटतं. गडचिरोलीच्या त्या मुलीच्या पत्रात मी कंपोज्ड लिहिलं आणि त्याखाली दोन ओळी जोडल्या: अपघाताच्या रात्री हिचा आवाज खाली आला आणि नातेवाइकांना दिलेला शब्द हिने पाळला.

तेव्हा विनंती अशी. सदर बंद करू नका, त्याची गरज आहे. पण एका दिवशी नऊ शब्द देण्यापेक्षा तीन द्या आणि प्रत्येकाखाली एक प्रसंग छापा. शब्द कौतुकाचा आहे की तक्रारीचा, एवढं तरी लिहा. शांतपणा जन्मजात आहे, प्रयत्नाने आणलेला आहे, की नुसता चेहऱ्यावर आहे, तेही सांगा. डोसाइल आणि नॉनशलंट या दोन शब्दांची दुरुस्ती तर येत्या अंकातच यावी, कारण परदेशी भरतीचे अर्ज भरणाऱ्या मुली हे सदर वाचतात हे मला ठाऊक आहे. विद्यार्थिनींसाठी तयार केलेली माझी एक वही आहे. तिच्यात असे शब्द वॉर्डातल्या प्रसंगांसह लिहिलेले आहेत, रुग्णांची नावं कुठेही नाहीत. सदर लिहिणाऱ्यांना उपयोग होणार असेल तर ती आपल्या कार्यालयात आणून द्यायला मी तयार आहे.

कळावे,
आपली विश्वासू,
एक निवृत्त पाठ्यनिर्देशिका
मानेवाडा, नागपूर